तिसरं उत्तर

१

बंदूक बाईच्या नावावर आहे म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे, जणू त्याचं काहीतरी हरवलंय. परवाना नवा करायला गेले की टेबलामागचा माणूस दर वेळी विचारतो, "मिस्टर नाही आले?" मी सांगते, मिस्टर केळीला पाणी देतायत, बंदूक मी चालवते. मग तो शिक्का मारतो.

माझं माहेर भडगावचं. वडील गेले तेव्हा दोन्ही भावांनी शेत वाटून घेतलं आणि बंदुकीपुढे हात जोडले. एक पुण्यात, एक नाशकात, त्यांना ती झंझट नको होती. मी म्हटलं, द्या मला. पॉइंट बावीसची रायफल आहे. लहानशी, हलकी, अक्रोडाच्या दांड्याची. नळीखाली दुसरी बारीक नळी, तिच्यातली पितळी दांडी ओढायची आणि गोळ्या एकामागून एक आत सोडायच्या. हाताखाली लिव्हर. ती खाली ढकलली की रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं, वर ओढली की नवी गोळी आत बसते. तो खर्र-खट आवाज मला लहानपणापासून आवडतो. सोन्याच्या पाटल्यांपेक्षा जास्त आवडतो, आणि हे मी सासूलाही सांगितलं होतं. तिनं महिनाभर माझ्याशी अबोला धरला.

भटूला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बंदूक आवडत नाही. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, पाठीमागे 'भटू'. स्वभावानं शांत, पाण्याचा माणूस. ठिबकच्या नळ्या, व्हॉल्व्ह, चिखल, यातच त्याचा दिवस जातो. "तू नेम धर, मी कान धरतो," म्हणतो आणि खरंच दोन्ही कानांत बोटं घालून उभा राहतो. वीस वर्षं झाली, अजून मला त्याचं हसू येतं.

रावेरहून सातपुड्याकडे जाताना डाव्या हाताला आमची केळी. डोंगर जवळ, म्हणजे डुकरं आलीच. रानडुक्कर नुसतं खात नाही, नासवतं. कंद उकरतं, उभं झाड आडवं करतं, घड तुडवतं. परवानगीचे सगळे कागद आमच्याकडे आहेत. पण बावीसच्या गोळीनं डुक्कर सहजी मरत नाही. कानामागे बसली तर ठीक, नाहीतर ते जखमी होऊन बागेतच दडून बसतं, आणि मग त्याच्यासारखं वाईट काही नाही.

केळीच्या बागेत दोन ओळींपलीकडे माणूस दिसत नाही. म्हणून आमचा एक नियम होता. भटू आणि आमचा सालदार तोताराम डबे बडवत दोन बाजूंनी आत शिरायचे आणि डुक्कर मधल्या रस्त्याकडे हाकायचे. मी रस्त्यावर ट्रॉलीत उभी, म्हणजे गोळी नेहमी खाली जमिनीकडे जाणार. डुक्कर दिसलं तरी मी आधी हाक द्यायची, "कोण कुठेऽऽ?" त्यावर दोघांनी आपापली जागा सांगायची आणि तिथेच खाली बसायचं. उत्तरं आली की मग गोळी. उत्तर नाही तर गोळी नाही, डुक्कर गेलं तर गेलं. हा नियम आमच्या अंगात इतका भिनला होता की घरात मी सहज विचारलं तरी भटू उत्तर देता देता खाली बसायचा.

२

फेब्रुवारीतली सकाळ होती. आठ वाजले असतील. बागेत डबे वाजत होते आणि मोत्या, आमचा कुत्रा, भुंकत आत धावला होता. डुक्कर रस्त्याच्या कडेला आलं, मोठा नर, सुळे बाहेर आलेले. मी लिव्हर ओढली आणि हाक दिली.

"बांधाकडे, बसलोऽ," उजवीकडून भटू.

"आठे शे, बठनूऽ," डावीकडून तोताराम. तो शिंदखेड्याकडचा, अहिराणी बोलतो.

मी नेम धरला. तेवढ्यात समोरच्या मधल्या ओळींतून, जिथे कुणीच नव्हतं तिथून, तिसरं उत्तर आलं.

"इथेऽ."

बाईचा की बाप्याचा, सांगता येईना. घाईचा आवाज नव्हता. कुणी घरात आपल्याच खोलीतून सांगावं तसा होता. मी बोट घोड्यावरून काढलं. डुकरानं माझ्याकडे बघितलं आणि ते आत वळलं. मग मोत्याचं केकाटणं आलं. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याचं पोट फाटलं होतं आणि तो स्वतःचं चाटत होता. मी तिथेच त्याच्या डोक्यात गोळी घातली. दुसरं काय करणार.

"मध्ये कोण होतं?" मी विचारलं. मला राग आला होता.

"कोणी नही अक्का," तोताराम म्हणाला. "तठे कोणीच नही शे."

"घुमला असेल आवाज," भटू म्हणाला.

केळीत आवाज घुमत नाही. पानं सगळा आवाज पिऊन टाकतात, म्हणून तर नियम करावा लागला. हे भटूला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण मलाही तेच खरं मानायचं होतं. शेजारच्या बागेतलं कुणी लाकडं वेचायला आलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. मजुरांच्या बायका येतात कधीकधी. मग ती बाई गेली कुठून? कुंपणाची तार सगळीकडून ओढलेली, फाटकाकडच्या रस्त्यावर मी. हा प्रश्न मी मोत्याबरोबर पुरून टाकला.

३

पुढच्या वेळी उत्तरं दोनच आली, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तोच नर पुन्हा रस्त्यावर. "कोण कुठेऽऽ?" उजवीकडून भटू, बांधाकडे, बसलो. डावीकडून तोताराम, आठे शे, बठनू. मधला भाग मोकळा. मी कान दिला, आणखी एक श्वास थांबले. काही नाही. डुक्कर मधल्या ओळींत शिरायला वळलं तशी मी गोळी सोडली. चट्. बावीसचा आवाज लहान असतो, वाळकी काडी मोडल्यागत. लिव्हर, पुन्हा चट्. पहिली पोटात बसली, मला दिसली. डुकरानं गर्रकन गिरकी घेतली, रक्ताची चिळकांडी पांढऱ्या खोडावर उडाली आणि ते आत घुसलं.

दुसऱ्या गोळीनंतर माणूस ओरडला.

तोताराम मधल्या ओळींतून बाहेर आला. डावीकडून नाही, मधून. हात कानावर, आणि बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलेलं. अर्धी पाळी गेली होती. मानेला चर पडला होता, बोटभर खोल. मी ट्रॉलीतून उडी मारली आणि पदर त्याच्या मानेवर दाबला. तो रक्तानं भरला, तसा भटूनं आपला शर्ट काढून दिला. माझ्या तोंडून शिव्या निघत होत्या, त्याला की मला कोण जाणे.

"तू डावीकडे होता ना? मेल्या, तू उत्तर दिलं ना?"

"अक्का, मी बोलनूच नही." तो थंडी भरल्यासारखा कापत होता. "माले तुमनी हाक आयकूच नही उनी. तुम्ही तर माले मजारमा बलाव."

"मी? मध्ये बोलावलं?"

"हा. तुमनाच आवाज व्हता."

दवाखान्यात त्यानं सांगितलं की कुंपणाची तार लागली. मी काही शिकवलं नव्हतं. डॉक्टरनं जखमेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टाके घालायला घेतले. बाहेर बाकावर मी भटूच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. गोळी दोन बोटं इकडे असती तर मी माणूस मारला असता. नियम पाळून मारला असता.

निघताना तोताराम एवढंच म्हणाला, "आते मी बागमा येवाव नही अक्का. तुम्ही बी जाऊ नका. आन मालकले तर जाऊच देऊ नका."

४

न जाऊन चालणार नव्हतं. माल तयार होता. एक दिवस सोडून सकाळी कटतीची, म्हणजे घड कापणारी टोळी येणार होती, पंधरा-वीस माणसं, घड खांद्यावर घेऊन ओळींमधून पळणारी. आणि आत पोटात गोळी घेतलेलं डुक्कर. असं डुक्कर माणसाच्या मांडीतली शीर एका फटक्यात कापतं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याला फोन करून मी दोन दिवस मागितले, तर तो म्हणाला, ताई, गाडी भरायची ती उद्याच, नाहीतर पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात तरी डुक्कर काय राजीनामा देणार होतं?

"मी एकटी जाते," मी भटूला सांगितलं. "पायी. दुपारी, उजेडात."

"आणि मी?"

"तुम्ही मोटरच्या खोलीच्या पायरीवर बसायचं. बागेच्या बाहेर. काहीही ऐकू आलं तरी आत यायचं नाही."

"आणि हाक दिली तर?"

यावर मी रात्रभर विचार केला होता. आत जे काही होतं, माणूस असो की माझ्या डोक्यातला किडा, ते उत्तरांवर जगत होतं. मग उत्तरंच बंद करायची.

"मी हाक देणारच नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही तोंड उघडायचं नाही. म्हणजे आत जो आवाज येईल तो तुमचा नाही, हे मला पक्कं माहीत असेल. कळलं का? बोलायचं नाही म्हणजे नाही."

भटू हसला. "लग्नापासून तेच तर चाललंय."

मी त्याच्या दंडावर चापट मारली. मग तसाच दंड धरून ठेवला थोडा वेळ. मला त्याला घरी कोंडून यायचं होतं. पण डुकरानं मला आडवं केलं तर ओढून बाहेर काढायला कुणीतरी जवळ हवं, असं वाटलं. म्हणजे मी त्याला नेलं ते त्याच्यासाठी नाही. माझ्यासाठी.

५

मार्चचं ऊन बाहेर जाळत होतं. बागेत शिरले आणि सगळं हिरवं, दमट, अंधारल्यासारखं झालं. वरच्या पानांतून उजेड चिंध्याचिंध्या होऊन खाली येतो. पायाखाली वाळलेली पानं. मी पाऊल टाकायची, थांबायची, ऐकायची. ठिबक बंद होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं.

रक्त वाळून काळं पडलं होतं, पण माग सुटत नव्हता. एका खोडाला डुकरानं अंग घासलं होतं, पुढे दोन झाडं आडवी. मी बंदूक खांद्याला लावूनच चालत होते आणि हात भरून आले होते.

डुक्कर मला मधोमध सापडलं. मेलेलं होतं. कालच मेलेलं, डोळ्यांत मुंग्या. त्याचा जबडा वरून खालपर्यंत उघडा फाडलेला होता आणि एक सुळा उपटून नेला होता. ते काम बिबट्याचं नाही. बिबट्या मांडीकडून खातो, आणि इथे खाल्लेलं काहीच नव्हतं. गोळीनं तर तसं होतच नाही. मी मान वळवली. म्हटलं, बाई, मेलंय ना, मग झालं, निघ.

तेव्हा समोरून, चार-पाच ओळींपलीकडून, भटू ओरडला.

"हेमा! डुक्कर! अगं डुक्कर धरतंय मला..."

मागोमाग डुकराचा गुरगुराट, पानं फाटल्याचा आवाज, आणि पुन्हा भटू, शब्द नसलेला, माणूस मांस फाटताना ओरडतो तसा.

माझे पाय सुटलेच होते. दोन ढांगा टाकल्या आणि मी स्वतःला अडवलं. डुक्कर तर माझ्या पायाशी मेलेलं पडलंय. भटूला मी बोलायचं नाही सांगितलंय. भटू बाहेर आहे. हे भटू नाही.

"हेमा, ये ना गं..."

"गप्प बस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"तूच तर हाक मारली," ते रडत म्हणालं. "तू बोलावलं म्हणून आलो."

मी आज एकदाही हाक दिली नव्हती. म्हणजे हेही खोटं. मला जो संताप आला तो काय सांगू. तोतारामचा कान, मोत्याचं पोट, आणि आता हे माझ्या नवऱ्याचा जीव तोंडात घेऊन मला नाचवत होतं. पुढे पानं हलली. कमरेच्या उंचीवर काहीतरी पांढुरकं, मग नाही. मी गोळी सोडली. लिव्हर, गोळी. लिव्हर, गोळी. रिकामी काडतुसं माझ्या मनगटावर चटके देत पडत होती. आवाज किंचाळला, मग गुरगुरला, मग "नको" म्हणाला. मी थांबले नाही. नळीतल्या गोळ्या संपेपर्यंत मी मारत राहिले, आणि गोळ्या संपल्यावरही लिव्हर ओढत राहिले.

मग शांत झालं. खोडांना पडलेल्या भोकांतून पाणी झिरपत होतं. त्या ओळींपर्यंत जायची मला हिंमत झाली नाही. मी वळले आणि पळत सुटले.

६

भटू पायरीवर बसलेला होता.

मला बघून उठला नाही, नुसता हसला. मी बंदूक भिंतीला टेकवली आणि त्याच्या शेजारी धपकन बसले. हसायला लागले, मग रडायला लागले. त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून म्हटलं, "अहो, तुम्ही इथेच होता ना? हलला नाहीत ना?" त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात थंड होता. मोटरचं पाणी थंडच असतं.

"बोला की आता," मी म्हटलं. "झालं सगळं. आता बोललात तर चालेल."

तो बागेकडे बघत राहिला.

नाक पुसायला मी त्याच्या बाहीला हात घातला आणि तशीच थांबले. केळीत काम करणाऱ्याचा शर्ट कधी पांढरा राहत नाही. चीक लागतो आणि त्याचे काळे डाग पडतात. ते आयुष्यात निघत नाहीत, कुठल्याही साबणानं नाहीत. भटूच्या सगळ्या शर्टांवर ते आहेत, लग्नात शिवलेल्या शर्टावरसुद्धा. ही बाही पांढरी होती. स्वच्छ, कोरी. मी वर छातीपर्यंत बघितलं, पाठीकडे बघितलं. कुठेच डाग नव्हता.

नवा शर्ट असेल, मी म्हटलं. सकाळी मी नीट पाहिलं नसेल.

त्यानं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि बागेकडे तोंड करून हाक दिली.

"कोण कुठेऽऽ?"

तो माझा आवाज होता. माझी हाक, शेवटचा हेल माझ्यासारखाच ओढलेला. भटूच्या तोंडातून माझा आवाज आला आणि मी त्याची बाही सोडली. ही हाक आज आधीही गेली होती. मी आत जपून पाऊल टाकत असताना, माझ्याच आवाजात, इथून किंवा मधून, कोण जाणे कुठून. आणि माझा नवरा, ज्याला मी सांगितलं होतं की काही ऐकलं तरी येऊ नका, त्यानं बायकोला बोलावताना ऐकलं आणि तो आत धावला.

बागेतून उत्तर यायला वेळ लागला. फार बारीक आलं, तोंडात काहीतरी भरलेलं असावं तसं.

"मधे... बसलो... हेमा."

सांगितल्याप्रमाणे बसला होता. गोळ्यांनी चाळण झालेला माझा माणूस माझी हाक ऐकून नियमानं खाली बसला होता, म्हणजे मला नेम धरायला सोपं जावं.

मी उठले. बंदूक उचलायला वळले, रिकामी तर रिकामी, आणि बागेकडे पाऊल टाकलं. तेवढ्यात पायरीवरच्यानं माझं मनगट धरलं. जोरात नाही. वीस वर्षांत भटूनं जसं धरलं असेल तसंच. मी हिसडा दिला तर हात हलला नाही. तोंड माझ्याकडे वळलं आणि उघडलं, नेहमीपेक्षा थोडं जास्तच खाली उघडलं, आत डुकराचा सुळा पिवळा दिसला, आणि ते माझ्याच आवाजात, अगदी मायेनं म्हणालं,

"बस खाली."

आत भटू अजून उत्तर देत होता. प्रत्येक वेळी आवाज आणखी खालून येत होता. मी बसले.